पाण्यातला किरणोत्सार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: नदीकाठी गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे हातातले यंत्र) धरला आणि आकडा वाढला नाही, तर पाणी पिण्याजोगे समजावे का?

नाही, हा निष्कर्ष कृपया काढू नका. अल्फा कण पाण्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच थांबतात, ट्रिटियमचे (हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाचे) बीटा कण तर शंभराव्या भागाच्याही आत. ते यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत. सीझियम-१३७ चे गॅमा किरण पोहोचतात, पण जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मार्गदर्शक पातळी आहे लिटरमागे १० बेकरेल, म्हणजे लिटरभर पाण्यात सेकंदाला १० विघटने. खडक, माती आणि अवकाशातून सतत येणाऱ्या किरणोत्सारात ती हरवून जातात. म्हणून नमुना प्रयोगशाळेत शिशाच्या जाड कवचातल्या जर्मेनियम शोधकाजवळ ठेवून कित्येक तास मोजावा लागतो. काउंटर उपयोगी पडतो तो पूर ओसरल्यावर काठावर साचलेला गाळ तपासायला.

प्रश्न: नमुना घेताना नेमके काय चुकते?

बहुतेक वेळा बाटलीतच चुकते. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटते. गढूळ पाण्यात आधी आम्ल टाकले, तर कणांवरचा काही भाग सुटून पाण्यात उतरतो आणि विरघळलेल्या सीझियमचा आकडा फुगतो. आम्ल टाकलेच नाही, तर विरघळलेले अणू बाटलीच्या भिंतीवर बसतात आणि आकडा घसरतो. दोन्ही टाळायचे तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळा आणि गाळणी वाळवून वेगळी मोजायला ठेवा. मग गाळलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण २ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणा. कठीण पाण्याला आम्ल जास्त लागते, म्हणून सामूपट्टीने खात्री करा. हातमोजे आणि चष्मा हवाच.

पण प्रत्येक बाटलीत आम्ल नको. आयोडीन-१३१ साठीच्या नमुन्यात ते घातले तर आयोडीन उडून जाऊ शकते. ट्रिटियमसाठीही आम्ल नको. त्याची काचेची बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा. रेडॉनसाठी तर पाणी बुडबुडे न येऊ देता भरावे लागते, नाहीतर वायू तिथेच निसटतो.

नदीत उतरलात तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, बाटली आपल्या पुढे धरा, पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटर, तळाचा गाळ न ढवळता. जागा किमान तीन: सांडपाणी मिसळते त्याच्या वर, ते पूर्ण मिसळल्यावर खाली आणि पिण्याचे पाणी उपसतात तिथे. सांडपाणी बरेच अंतर एकाच काठाने वाहत जाते, त्यामुळे खालच्या जागी दोन्ही काठ आणि मध्य असे तीन नमुने घ्या. बंधाऱ्यामागचा वरचा ५ सेंटिमीटर गाळही घ्या. पाणी वाहून जाते, गाळ जुन्या घटना जपून ठेवतो. शुद्ध पाण्याची एक बाटली त्याच प्रवासाला न्या, म्हणजे बाटली किंवा आम्लातूनच दूषितपणा आला का ते कळेल.

प्रश्न: अहवालात एकूण बीटा (सगळ्या बीटा कणांची एकत्र मोजणी) लिटरमागे १.३ बेकरेल आहे, मर्यादा १. आता काय?

घाबरू नका, पण अहवाल बाजूलाही ठेवू नका. ०.५ (एकूण अल्फा) आणि १ (एकूण बीटा) हे पहिल्या चाळणीचे आकडे आहेत, ते ओलांडले म्हणजे पाणी घातक असे नाही. आधी पोटॅशियम मोजून घ्या. नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे २७.९ बेकरेल बीटा येतो. लिटरमागे २० मिलिग्रॅम पोटॅशियम असेल, तर त्याचे ०.५६ वजा होऊन उरतात ०.७४. वजाबाकीनंतरही १ च्या वर असेल, तर स्ट्रॉन्शियम-९०, सीझियम-१३७, शिसे-२१० वेगवेगळे मोजून घ्यावे लागतात. ट्रिटियम या चाचणीत दिसतच नाही. पाणी आटवताना ते वाफेबरोबर जाते.

‘आढळले नाही’ असा शेरा असेल, तर शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, विचारा. मर्यादाच २० बेकरेल असलेल्या यंत्राने १० च्या पातळीबद्दल काहीच सांगता येत नाही.

प्रश्न: तपासणी किती वेळा करावी?

एरवी तिमाहीला एकदा चालते, अपघातानंतर दररोज. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा दुर्घटनेनंतर टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात किलोमागे २१० बेकरेल आयोडीन-१३१ आढळले. तान्ह्या बाळांसाठीची मर्यादा १०० होती, म्हणून त्यांना नळाचे पाणी न देण्याची सूचना निघाली. दुसऱ्याच दिवशी आकडा मर्यादेखाली आल्याने सूचना मागे घेतली गेली. आठवड्याला एकच नमुना असता, तर अशी वाढ सहज निसटली असती. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) ८ दिवसांचे, म्हणून बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहा. प्रयोगशाळा त्यावरूनच नमुना घेतल्या वेळचा आकडा काढते.

प्रश्न: उकळल्याने पाणी शुद्ध होते का?

सीझियम, स्ट्रॉन्शियम, रेडियम उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. रेडॉन मात्र निघून जातो. आरओ आणि आयन विनिमय पुष्कळसे रोखतात, ट्रिटियम नाही. काढलेला सारा किरणोत्सार मात्र पडद्यात, रेझिनमध्ये आणि टाकाऊ पाण्यात गोळा होतो, त्यामुळे मोठ्या संयंत्रात तेही मोजून मगच विल्हेवाट लावायची.