लहान स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात कोपऱ्यातले सिंक कसे निवडावे?

आपले स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्ही लहान आहेत, दोन्हीकडे कोपऱ्यात बसणारे सिंक घेण्याचा विचार आहे आणि ते निवडताना काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. अशा जागांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. न्हाणीघरात कोपऱ्यातले बेसिन पुष्कळदा सोयीचे ठरते, स्वयंपाकघरात मात्र क्वचितच. हात धुणारा माणूस बेसिनपुढे अर्धा मिनिट उभा राहतो. भांडी घासणारा माणूस तासभर उभा राहतो, आणि कोपऱ्याची सगळी अडचण या उभे राहण्यातच आहे.

स्वयंपाकघरातला काटकोनी ओटा डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंची खोली 60 सेंमी असेल, तर भिंतींच्या कोपऱ्यापासून ओट्याच्या आतल्या कोनापर्यंतचे तिरके अंतर जवळजवळ 85 सेंमी भरते. त्या कोनात माणसाला शिरताही येत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या कडा खांद्यांना आणि कमरेला अडतात. म्हणून कोपऱ्यातल्या सिंकसाठी ओट्याचा आतला कोन तिरका कापतात. दोन्ही बाजूंनी 30 सेंमी सोडून कापले, तर समोर उभे राहायला जेमतेम 42 सेंमी रुंदीची कड मिळते आणि तिथून भिंतीचा कोपरा 106 सेंमी दूर जातो. 45 सेंमी व्यासाचे गोल भांडे, म्हणजे सिंकचा पाणी साठणारा खोलगट भाग, कडेजवळ बसवून त्यामागे नळ लावला, तरी नळाच्या मागे सुमारे अर्धा मीटर खोलीचा त्रिकोण उरतो. तिथे हात सहज पोहोचत नाही, पाणी मात्र पोहोचते. शिवाय सिंकपुढे एक माणूस उभा राहिला, की ओट्याच्या दोन्ही बाजूंचा कोपऱ्याकडचा भाग दुसऱ्याला वापरता येत नाही.

कोपऱ्यातल्या सिंकच्या बाजूने जे सांगितले जाते, तेही खोटे नाही. ओट्याखालचे कोपऱ्यातले कपाट तसेही गैरसोयीचे असते, त्यामुळे तिथे पाइप आणि ट्रॅप (थोडे पाणी धरून दुर्गंधी अडवणारा नळीचा भाग) गेले तर फारसे नुकसान होत नाही, आणि दोन्ही बाजूंना सलग ओटा मोकळा राहतो. सांडपाण्याची नळी कोपऱ्यातच असेल आणि ती हलवणे शक्य नसेल, तर हा मार्ग घ्यावाच लागतो. मात्र नळी थोडी सरकवता येत असेल, तर सिंक कोपऱ्यात न बसवता कोपऱ्याच्या शेजारी, एका बाजूच्या सरळ ओट्यात बसवावे, असे मी सुचवतो. तसे करताना सिंकचा मध्य आणि काटकोनातल्या दुसऱ्या ओट्याची पुढची कड यांत निदान 35 ते 40 सेंमी अंतर ठेवावे, म्हणजे धुणाऱ्याचा कोपर आणि कंबर मोकळी राहते. नळी सरकवताना मीटरमागे साधारण 2 सेंमी उतार मिळेल, याची खात्री करून घ्यावी. वळण घ्यायचे असेल तर एका काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन बेंड वापरावेत. तुंबण्याची जागा पुष्कळदा ते काटकोनी वळणच असते.

तरीही कोपराच निवडायचा असेल, तर एकच भांडे असलेले गोल किंवा पुढून सपाट अर्धगोल सिंक घ्यावे. दोन भांडी काटकोनात जोडलेले, फुलपाखराच्या आकाराचे सिंक चित्रात फार आकर्षक दिसते, परंतु त्याला ओट्याच्या दोन्ही बाजू बऱ्याच लागतात, आणि लहान स्वयंपाकघरात नेमकी तीच जागा कापण्यासाठी, वाढण्यासाठी हवी असते. त्याच्या दोन भांड्यांना मिळून एक मोठे पातेले आडवे ठेवून घासता येत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही. भांड्याची खोली 18 ते 20 सेंमी पुरे. त्याहून खोल भांडे घेतले तर तिरक्या कडेवरून वाकून काम करावे लागते आणि पाठ दुखते. नळाचे तोंड बाहेर ओढता येणारे घ्यावे, कारण मागचा त्रिकोण धुण्याचा तेवढाच सोपा उपाय आहे.

स्टीलचे सिंक घेताना 304 प्रतीचे घ्यावे. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, त्यामुळे ते गंजाला चांगले तोंड देते. चुंबक चिकटत नाही म्हणजे पोलाद उत्तम, हा सर्वत्र सांगितला जाणारा निकष पुरेसा नाही, कारण मँगनीज अधिक असलेल्या स्वस्त 200 मालिकेच्या पोलादालाही चुंबक फारसा चिकटत नाही. जाडीच्या बाबतीत गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड; 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिमी, आणि घरगुती वापराला तो पुरतो. सिंकखाली रबरी पट्ट्या चिकटवलेल्या असतील तर पाण्याचा आवाज बराच कमी होतो.

दगडी ओट्याच्या बाबतीत एक गोष्ट फरशी कापण्यापूर्वीच ठरवावी लागते. काटकोनी ओट्यात दोन दगडांचा सांधा बहुधा कोपऱ्यातच येतो, आणि सिंकही तिथेच असले तर तो सांधा सतत ओला राहतो. कारागिराला सांधा सिंकपासून दूर घ्यायला सांगावे. सिंकसाठी पाडलेल्या खाचेचे आतले कोपरे गोलसर ठेवायला सांगावे, कारण टोकदार कोपऱ्यातून दगडाला तडा जातो.

आता न्हाणीघर. इथे कोपरा खरोखर उपयोगी पडतो, पण जागा वाचते म्हणून नव्हे. भिंतीलगत 40 सेंमी बाजू असलेले पाव वर्तुळाकार बेसिन सुमारे 1,250 चौरस सेंमी जागा अडवते. 50 सेंमी लांब आणि 25 सेंमी पुढे आलेले चिंचोळे सरळ बेसिनही तेवढीच अडवते. फरक कुठली जागा अडते एवढाच आहे. खोलीची रुंदी 90 सेंमी असेल आणि बेसिनच्या समोरूनच आत जायची वाट असेल, तर चिंचोळ्या बेसिनपुढे 65 सेंमी मोकळे राहतात, म्हणून तेच बरे. उलट दार कोपऱ्याजवळ उघडत असेल किंवा वाट खोलीच्या मधोमध असेल, तर गोलसर कडेचे कोपऱ्यातले बेसिन वाटेतून बाजूला राहते आणि येता-जाता मांडीला त्याचे टोक लागत नाही. दाराची झेप आणि बेसिनची कड यांचा हिशोब मात्र जमिनीवर खडूने आखून करावा, कागदावरच्या अंदाजाने नव्हे. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापून भिंतीला 80 ते 85 सेंमी उंचीवर चिकटवला आणि दार उघडून पाहिले, तर आराखड्यापेक्षा अधिक समजते.

माप विचारताना सावध राहावे. कोपऱ्यातल्या बेसिनचे माप कुणी भिंतीलगतच्या बाजूचे सांगतात, तर कुणी समोरून दिसणाऱ्या रुंदीचे सांगतात. बाजू 40 सेंमी असलेल्या पाव वर्तुळाची दोन टोकांमधली सरळ रुंदी जवळजवळ 57 सेंमी असते, त्यामुळे एकच बेसिन एका दुकानात 40 आणि दुसऱ्या दुकानात 57 होऊ शकते. बाहेरच्या मापाइतकेच आतल्या पोकळीचे माप महत्त्वाचे आहे. नळासाठी मागे सोडलेली जागा आणि जाड काठ वजा केल्यावर लहान बेसिनमध्ये ओंजळ जेमतेम मावते. तोंड धुण्यासाठी किंवा दाढीसाठी तेच बेसिन वापरायचे असेल, तर हे दुकानातच वाकून पाहावे. तिथे संकोच करू नये. आरशाचाही विचार आधी करावा, कारण कोपऱ्यात आरसा सरळ लागत नाही. तो एका बाजूच्या भिंतीवर लावावा लागतो किंवा तिरक्या चौकटीत बसवावा लागतो.

नळ बेसिनबरोबरच निवडावा. त्याच्या तोंडातून पडणारी धार जाळीवर किंवा जाळीच्या किंचित पुढे पडली पाहिजे. नळ आखूड असला तर हात बेसिनच्या मागच्या काठावर आपटतात. नळ उंच आणि बेसिन उथळ असले तर पाणी अंगावर उडते.

बेसिनखाली जागा कमी असल्यामुळे बॉटल ट्रॅप सोयीचा पडतो. तो फिरवून बाहेरची नळी कोणत्याही भिंतीकडे नेता येते, आणि त्यात साधारण 50 मिमी पाणी राहिले की दुर्गंधी वर येत नाही. घडीची लवचीक नळी शक्यतो टाळावी, कारण तिच्या वळ्यांत साबणाचा थर साचतो. बेसिनला 32 मिमीची आणि स्वयंपाकघरातल्या सिंकला 40 मिमीची नळी सामान्यतः पुरते. पाणी बंद करण्याचे कॉक अशा उंचीवर आणि अशा बाजूला घ्यावेत की बेसिन बसल्यानंतरही त्यांना पाना लागेल. कोपऱ्यात ही काळजी घेतली नाही, तर एक वॉशर बदलायलासुद्धा बेसिन उतरवावे लागते.

शेवटी भिंती तपासाव्यात. कोपऱ्यातले बेसिन दोन्ही भिंतींना चिकटून बसते, पण घरातले कोपरे बऱ्याचदा नेमके काटकोनी नसतात. एका भिंतीवर कोपऱ्यापासून 60 सेंमीवर आणि दुसरीवर 80 सेंमीवर खूण करून त्या दोन खुणांमधले अंतर मोजावे. ते 100 सेंमी भरले तर कोन बरोबर आहे. दोन-चार मिलिमीटरचा फरक सिलिकॉनने भरून निघतो, त्याहून अधिक असेल तर टाइल लावतानाच गवंड्याकडून कोन दुरुस्त करून घ्यावा. भिंत पोकळ विटांची असेल तर तिला साजेसे अँकर वापरावेत, कारण बेसिनच्या वजनाबरोबर त्यावर टेकणाऱ्या माणसाचे वजनही त्याच स्क्रूंवर येते.