सायटिक नर्व्हवरच्या (पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू) कफ इलेक्ट्रोडमध्ये स्नायूंचा गोंगाट येतोय, कोणता फिल्टर लावू?

फिल्टरच्या आधी कफ, म्हणजे नर्व्हभोवती बसवलेली, आत धातूच्या रिंगा असलेली नळी, तपासा. नर्व्हचा सिग्नल काही मायक्रोव्होल्टचा, शेजारच्या स्नायूंचा मात्र मिलिव्होल्टपर्यंत जातो. एवढी तफावत एकटा फिल्टर निस्तरू शकत नाही. तीन रिंगांचा कफ घ्या: बाहेरच्या दोन रिंगा एकत्र जोडून ॲम्प्लिफायरच्या रेफरन्सला (ज्याच्याशी तुलना होते ते टोक), मधली इनपुटला. बंद कफच्या आत स्नायूचं व्होल्टेज जवळपास सरळ रेषेत बदलतं, म्हणून मधल्या रिंगवर बाहेरच्या दोन्हींची सरासरीच येते आणि वजाबाकीत ती निघून जाते. कफ नर्व्हवर चढवण्यासाठी असलेली चीर नीट मिटली नसेल किंवा रिंगांमधलं अंतर असमान असेल, तर हे गणितच कोसळतं. १ किलोहर्ट्झला तिन्ही रिंगांचा इम्पिडन्सही (एसी प्रवाहाला होणारा विरोध) मोजा; बाहेरच्या दोन्हींत मोठा फरक नको.

मग ३०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ बँडपास, म्हणजे एवढ्याच पट्ट्यातले सिग्नल पुढे सोडणारा फिल्टर. तरीही स्नायू डोकावला, तर खालची मर्यादा ८०० हर्ट्झपर्यंत वर न्या. थोडा नर्व्हचा सिग्नलही जाईल, पण सौदा परवडतो.

घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण असेल तर ग्राउंड एकाच जागी जोडा, हीटिंग पॅड क्षणभर बंद करून बघा. उत्तेजन देऊन सरासरी काढताना ५ किंवा १० हर्ट्झचा वेग टाळा: ५० ला त्यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून गुणगुण दर वेळी त्याच फेजमध्ये (लाटेच्या त्याच टप्प्यावर) येते आणि सरासरीत जशीच्या तशी उरते. ४.७ हर्ट्झ ठेवा. १०० वेळांच्या सरासरीने यादृच्छिक नॉइज दहापट घटतो.