कानाची फाटलेली पाळी जुळवता येते का, आणि नंतर कान पुन्हा टोचता येतो का?

होय, जड झुमक्यांनी फाटून दोन भाग झालेली पाळी स्थानिक भूल देऊन केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेने जुळवता येते, त्याच दिवशी घरी जाता येते आणि पुढे कानही टोचता येतो. चीर जुनी असेल तर तिच्या दोन्ही कडांवर त्वचा धरलेली असते आणि त्वचेला त्वचा सांधत नाही. म्हणून प्लास्टिक सर्जन आधी त्या कडांची पातळ पट्टी कापून ताजी जखम करतात व मगच पुढून आणि मागून टाके घालतात. काही पार्लरमध्ये आम्ल लावून भोक बुजवतात, त्यात त्वचा भाजू शकते. त्या वाटेला न गेलेले बरे. टाके साधारण आठवड्याभरात काढतात, पण टोचण्यासाठी दोन-तीन महिने थांबावे (लग्नसराई तोंडावर असली तरीही) आणि व्रणाच्या रेषेवर न टोचता तिच्या बाजूला टोचावे, कारण व्रणाला मूळ त्वचेइतकी ताकद कधीच येत नाही. ज्यांना पूर्वी जखमेच्या जागी उंच, खाजणारी केलॉइडची गाठ आली असेल, त्यांनी मात्र ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे, कारण पाळीवर अशी गाठ सहज येते.