वडिलांच्या कॅसेटी आणि फुकटचं सॉफ्टवेअर

प्रश्न : माझे वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत आणि गात. त्यांच्या आवाजातल्या ९० मिनिटांच्या १४ कॅसेटी माळ्यावर सापडल्या. सगळं घरच्या टेपरेकॉर्डरवर, त्याच्याच माइकवर भरलेलं आहे. माझ्याकडे जुना विंडोज लॅपटॉप आहे, रॅम ४ जीबी. मुलगा म्हणतो, विकतचं सॉफ्टवेअर घे. फुकटातलं कोणतं चालेल? खरखर पूर्ण जाईल का? आणखी एक : वडील काळी एकमध्ये गायचे, पण कॅसेट लावून पेटीवर सूर धरला तर पांढरी दोन लागते. असं कसं?
– एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : ताई, पैसे ठेवा. ऑडॅसिटी घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचं काम सुरू झालं आणि २००० पासून ते सगळ्यांना मोफत मिळतंय. तुमच्या लॅपटॉपवर चालेल. फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. सारख्या नावाच्या भलत्या साइटी पुष्कळ आहेत. बाकीच्यांच्या मागे लागू नका. गॅरेजबँड फुकट आहे, पण ॲपलच्याच यंत्रांवर. एलएमएमएस नवं संगीत रचायला छान, तुमच्या कामाचं नाही. रीपर उत्तम आहे, पण ६० दिवसांनंतर त्याचे पैसे भरायचे असतात. ऑडॅसिटी अगदीच किचकट वाटलं तर ओसेनऑडिओ (ocenaudio) बघा, तेही मोफत आहे आणि सुटसुटीत आहे.

मी वीस वर्षं कॅसेटी भरून देण्याचं दुकान चालवलं, म्हणून सॉफ्टवेअरच्या आधीचं सांगतो. प्रत्येक कॅसेटच्या पाठीमागचे दोन छोटे प्लॅस्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून वडिलांवर दुसरं काही भरलं जाणार नाही. प्लेअरचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासत जाते तो छोटा धातूचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघेल, घाबरू नका. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा. टाळ कुठे खणखणीत उघडतात ते कानाला कळतं. कितीतरी वेळा गिऱ्हाइकाला ‘टेप खराब झालीय’ वाटायचं आणि काम या स्क्रूवर भागायचं.

प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. हेडफोन-माइक मिळून एकच भोक असेल तर दोन तोंडांचा जोड घ्यावा लागेल. माइकचं भोक बहुधा मोनो असतं, म्हणजे डावा-उजवा वेगळा न धरता एकच आवाज घेतं, पण एका माइकवर भरलेलं भजनही मोनोच, तेव्हा काही हरवत नाही. प्लेअरचा आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा. ऑडॅसिटीतली पट्टी लाल झाली की आवाज फाटला, मग तो शिवता येत नाही. मागे ‘हूं’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वेव्ह फाइल करा : मोनोत ४५ मिनिटांची एक बाजू साधारण २४० एमबी होते. चौदाही कॅसेटी १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात बसतील.

आता काळी एक आणि पांढरी दोनचं कोडं. त्या काळी टेपरेकॉर्डर बरेचदा सेलवर चालायचे. सेल उतरले की भरताना टेप हळू फिरायची. तीच टेप आज नीट वेगाने वाजली की सूर चढतो. पेटीवर काळी एकच्या लगेच पुढची पांढरी दोन, म्हणजे तुमच्याकडे बरोबर अर्धा स्वर चढलाय. इथे बरेच जण ‘चेंज पिच’ वापरून फसतात. सूर उतरतो, पण लय पळतीच राहते. तुम्हाला ‘चेंज स्पीड अँड पिच’ हवं. त्यात टक्केवारी उणे ५.६१ द्या, वडील काळी एकवर येतील आणि पखवाजही ठाय बसेल. मात्र सेल हळूहळू उतरत जातात, त्यामुळे बाजूच्या शेवटाला सूर आणखी चढलेला असू शकतो. दर अभंगाला पेटीवर ताडून बघा. ते काम तुम्हीच करायचं. तुमच्या मुलाला काळी एक कुठली ते कळतं का?

खरखर पूर्ण जाणार नाही आणि घालवूही नका. ‘नॉइज रिडक्शन’ला आधी नमुना द्यावा लागतो : भजन सुरू होण्याआधी नुसती टेप फिरतेय असा एखाद-दोन सेकंदांचा तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, मग अख्खी बाजू निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि सहा ते आठ डेसिबलवर थांबा. या यंत्राला एकसारखा चाललेला आवाज म्हणजे कचरा वाटतो. मी एकदा मामांच्या गाण्याला चोवीस डेसिबल लावले. खरखर गेली, पण तंबोरा पाण्याखालून बुडबुडल्यासारखा यायला लागला. शहाणपणा असा की मूळ फाइलवरच सेव्ह केलं होतं आणि कॅसेट मामेभावाला परत दिली होती. त्याच्या पोराने तिच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री भरली. तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवा, हात तिच्या नकलेवर चालवा.

त्याच चौकटीत ‘रेसिड्यू’ असं एक बटण आहे. ते निवडून ‘प्रिव्ह्यू’ दाबलंत की जे काढून टाकलं जाणार आहे, तेवढंच ऐकू येतं. नुसतं ‘स्स्स’ आलं तर ठीक. त्यात टाळांचा झंकार किंवा वडिलांचा आवाज ओळखू आला, तर डेसिबल कमी करा.

आणि दोन अभंगांच्या मधलं खोकणं, पेटीचा भाता ओढल्याचा आवाज, ‘जरा पाणी दे गं’ हे कापू नका.