दशमातील रवि-शनि युती आणि मुलीची न्यायाधीश होण्याची इच्छा

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याहून पाठवलेले आपले पत्र आणि सोबतची पत्रिकेची झेरॉक्स मिळाली. आपली मुलगी यंदा बारावी कला शाखेत आहे आणि विधी शाखेला प्रवेश घेऊन न्यायाधीश व्हायचे तिने ठरवले आहे. मात्र पत्रिकेच्या दहाव्या घरात, म्हणजे दशमस्थानात, रवि-शनि युती (दोन ग्रह एकाच घरात) असल्याने वरिष्ठांशी वैर, अपकीर्ती आणि सरकारी नोकरीत अपयश हेच तिच्या वाट्याला येईल, असे ज्योतिषांनी सांगितल्यापासून आपले मन थाऱ्यावर नाही. "तिला बँकेच्या परीक्षांकडे वळवू का?" असे आपण विचारता.

आधी पत्रिकेविषयी लिहितो, कारण त्या शास्त्रावर आपली श्रद्धा आहे आणि ती बाजूला सारून दिलेला सल्ला आपल्याला पटणार नाही. दशम हे कर्मस्थान. व्यवसाय, अधिकार आणि नावलौकिक तेथून पाहतात. रवि हा मानसन्मानाचा आणि पित्याचा कारक, तर शनि हा श्रमाचा, विलंबाचा आणि सेवेचा. पुराणांत शनि सूर्यपुत्र असूनही दोघांचे पटत नाही, म्हणून ही युती कठीण मानली जाते. आपल्या ज्योतिषांनी येथपर्यंत सांगितले ते परंपरेला धरूनच आहे, पण पत्रिकेचे वाचन येथे थांबत नाही. मुलीचा जन्म सप्टेंबर 2008 च्या पहिल्या आठवड्यातला, दुपारी सव्वाबाराचा, म्हणजे लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, पत्रिकेचे पहिले घर) वृश्चिक आणि दशमात सिंह रास. तेथे रवि स्वगृहीचा, म्हणजे स्वतःच्या राशीत आहे, तोच दशमेश, म्हणजे दशमाचा स्वामी आहे आणि दशमात त्याला दिग्बल, म्हणजे स्थानामुळे येणारे बळही मिळते. शनि मात्र शत्रुराशीत आणि रवीच्या इतका जवळ आहे की तो अस्तंगत, म्हणजे सूर्याच्या तेजात झाकलेला आणि दुबळा ठरतो. शिवाय द्वितीयात, म्हणजे वाणीच्या स्थानात, धनु राशीचा स्वगृहीचा गुरू आहे आणि त्याची नववी दृष्टी नेमकी या युतीवर पडते. इतके सारे समोर असताना केवळ "रवि-शनि" या दोन शब्दांवर लाल शाईने गोल करून अपकीर्तीचे भाकीत करणे हे त्या शास्त्राच्या रीतीनेही अर्धवट वाचन आहे. नाव उशिरा होईल, कष्टाने होईल आणि झाले की टिकेल, असा अर्थ लावणारे जाणकारही कमी नाहीत. आणि ज्या शनीला लोक कर्माचा न्यायनिवाडा करणारा ग्रह म्हणतात, तो न्यायाच्या क्षेत्राला आडवा येईल हे मला तरी सुसंगत वाटत नाही.

आता माझे स्वतःचे मत. रवि एका राशीत महिनाभर असतो आणि शनि सुमारे अडीच वर्षे. त्यामुळे 2008 मध्ये ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जगात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत ही युती आहे, आणि लग्न साधारण दोन तासांनी बदलत असल्याने त्यांतील अंदाजे बाराव्या हिश्श्याच्या पत्रिकेत ती दशमातच आहे. एवढ्या मुलांचे नशीब एकसारखे असेल, हे मी मानू शकत नाही. त्याच 2008 साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. हुशार विद्यार्थी कोणते आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले कोणती, हे फक्त पत्रिका पाहून सांगायचे होते. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका तपासल्या आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे 46 टक्के आले. नाणे उडवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. म्हणून पत्रिकेवरून मुलीचा अभ्यासक्रम ठरवू नये, असे मी आपल्याला मनापासून आणि स्पष्टपणे सांगतो. शांती करावीशी वाटली तर श्रद्धेने करा, पण प्रवेशाचा निर्णय त्या शांतीवर अवलंबून ठेवू नका.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची विधी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गाला बारावीत किमान 45 टक्के गुण लागतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे. पदवीनंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत परीक्षा घेतो. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी दिलेल्या निकालात या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. मुलगी परीक्षा देईल तेव्हाच्या जाहिरातीत नेमके काय आहे ते पाहावेच लागेल, पण आजचा हिशेब पदवीची पाच वर्षे आणि वकिलीची तीन वर्षे असाच धरा. पंचविशी उलटेपर्यंत पगाराची अपेक्षा ठेवू नका आणि ही गोष्ट तिलाही आत्ताच सांगा. विलंब आहे तो हा, आणि तो त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला आहे.

नावलौकिकाचेही तसेच आहे. तालुक्याच्या न्यायालयात नवख्या वकिलाचे नाव कसे होते, ते कोणत्याही जुन्या वकिलाला विचारा. पुकारा झाला की तो हजर असतो, कागद वाचून आलेला असतो आणि ऊठसूट मुदतीचा अर्ज देत नाही, एवढे दोन-तीन वर्षे दिसले की पक्षकार आपणहून त्याचे नाव घेऊ लागतात. वरिष्ठांशी खटके बँकेतही उडतात. त्यासाठी वाट बदलण्याचे कारण नाही.

आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. आजीच्या जमिनीच्या दाव्याला मुलगी सुट्टीत आजीसोबत जात असे, आणि प्रत्येक तारखेला काय झाले, पुढची तारीख कोणती पडली, सातबाऱ्याचा कोणता उतारा मागितला, हे तिने एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवले आहे, असे आपण ओझरते लिहिले आहे. कोणी सांगितलेले नसताना सोळा-सतरा वर्षांची मुलगी हे करते, यातून तिच्या ओढीविषयी जितके कळते तितके मला पत्रिकेतील कोणत्याही घरातून कळलेले नाही. रवि-शनि युतीचे एक फळ म्हणून पिता आणि अपत्य यांच्यातील दुराव्याचाही उल्लेख करतात. ते फळ खरे करणे किंवा न करणे मात्र या क्षणी आपल्या हातात आहे. ज्योतिषांचे म्हणणे तिला कळले असेल, तर आपण तिच्या बाजूचे आहोत हे तिला आपल्याच तोंडून ऐकू द्या.

बारावीची परीक्षा संपल्यावर दोघे मिळून या. सीईटीचा अर्ज भरायची मुदत तोपर्यंत थांबेलच असे नाही, म्हणून तो आधीच भरून टाका. येताना गुणपत्रके आणा आणि ती वहीही न विसरता आणा.

आपला,
करिअर मार्गदर्शक