चीनमध्ये बारावीच्या मुलांचं इंग्रजी ऐकणं-वाचणं कसं तपासतात? त्या गुणांवर विश्वास ठेवावा का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: चीनमधल्या बारावीच्या मुलांची इंग्रजी श्रवण आणि वाचनाची परीक्षा नेमकी कशी असते, आणि त्यात चांगले गुण मिळाले म्हणजे मुलाला इंग्रजी समजतं असं धरायचं का. एम.एड.च्या प्रकल्पासाठी तशीच चाचणी तयार करायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून दुसऱ्याचं उत्तर आधी देते. वाचनाच्या गुणांवर मी निर्धास्तपणे विश्वास ठेवेन. श्रवणाच्या गुणांवर नाही.

मी इचलकरंजीत ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवत होते. यजमानांच्या कापडाच्या व्यवसायामुळे आम्ही काही वर्षं झेजियांग प्रांतात, शाओशिंग शहराजवळच्या केछ्याओला राहिलो. कापडाची प्रचंड मोठी बाजारपेठ तिथे आहे, भारतीय व्यापाऱ्यांची वस्तीही बरीच. शेजारच्या घरातली मुलगी उच्च माध्यमिक शाळेत होती आणि संध्याकाळी सरावाच्या प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे यायची. त्या प्रश्नपत्रिका मी तिच्यासोबत सोडवल्या, आणि शिक्षकाच्या सवयीने प्रत्येक प्रश्नाची चिरफाड केली. पुढचं सगळं त्या अभ्यासातून आलेलं आहे.

परीक्षा म्हणजे गाओकाओ, दरवर्षी जूनच्या ७ तारखेपासून होणारी विद्यापीठ प्रवेश परीक्षा. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे चिनी आणि गणिताच्या बरोबरीचा. सध्या बऱ्याच प्रांतांत जी राष्ट्रीय प्रश्नपत्रिका चालते तिच्यात श्रवण ३० गुण, वाचन ५०, गाळलेल्या जागा आणि व्याकरण ३०, लेखन ४०. अर्ध्याहून जास्त गुण ऐकण्या-वाचण्यावर आहेत, हे आधी लक्षात घ्या. आपल्याकडे बारावीला ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी-श्रवण परीक्षा, तीही आपल्याच कॉलेजात आपल्याच शिक्षकांसमोर. तिथे श्रवणाची ध्वनिफीत लाउडस्पीकरवर लागते आणि केंद्रातल्या सगळ्या वर्गांत एकाच वेळी ऐकू जाते. पेपर ३ वाजता सुरू होतो, पण पावणेतीननंतर कुणाला आत सोडत नाहीत. केंद्राच्या आसपास हॉर्न वाजवायला बंदी असते, बांधकामं थांबवतात.

श्रवणात २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, प्रत्येकाला तीन पर्याय. पहिले पाच छोटे संवाद फक्त एकदा ऐकवतात आणि प्रत्येकानंतर उत्तर द्यायला व पुढचा प्रश्न वाचायला मिळून १० सेकंद देतात. नंतरचे मोठे संवाद आणि शेवटचं एकट्याचं निवेदन दोनदा ऐकवतात. सुरुवातीला नमुन्याचा प्रश्न असतो: शर्टची किंमत किती? उत्तर, नऊ पौंड पंधरा पेन्स. वर्षानुवर्षं तोच नमुना, त्यामुळे चीनमध्ये शाळेत गेलेल्या कुणालाही शर्टची किंमत विचारा, तो हसून हेच उत्तर देईल.

प्रश्न रचण्यात मात्र खरं कौशल्य आहे. त्याच धाटणीचा एक प्रश्न मी इथे मराठीतून रचून दाखवते. बाई विचारते, "सिनेमा सातला आहे ना?" पुरुष म्हणतो, "हो, पण तिकिटं काढायचीत, वीस मिनिटं आधी भेटू." प्रश्न: ते किती वाजता भेटणार? पर्याय: सहा वीस, सहा चाळीस, सात. 'सात' हा शब्द कानावर जसाच्या तसा पडलाय. 'वीस'ही पडलाय. बरोबर उत्तरातला 'चाळीस' संवादात कुठेच नाही. नुसते शब्द टिपणारा मुलगा चुकतो, ज्याला बोलणं कळलं तो बरोबर येतो. दोन्ही चुकीच्या पर्यायांना कारण आहे, उगीच भरती म्हणून टाकलेले नाहीत. आपल्या बहुपर्यायी प्रश्नांत तीन पर्याय वाचताक्षणीच बाद होतात, त्यापेक्षा हे किती तरी चांगलं.

मग विश्वास का नाही? पहिलं कारण सरळ गणिताचं. तीन पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने ३० पैकी १० गुण पडतात. दुसरं, पर्याय वाचल्याशिवाय उत्तर देता येत नाही, म्हणजे ऐकण्याच्या प्रश्नात वाचण्याचा वेगही मोजला जातो. शाळा हेच आधी शिकवतात: ध्वनिफितीच्या मोकळ्या जागेत पुढचे पर्याय वाचा, संवाद कशाबद्दल असेल ते ताडा, मग फक्त तेवढंच ऐका. ती मुलगी यात इतकी तरबेज झाली होती की संवाद सुरू होण्याआधीच एखादा पर्याय बाद करून मोकळी व्हायची.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ध्वनिफितीतली माणसं फार स्वच्छ बोलतात. एक बाई, एक पुरुष, ब्रिटिश नाहीतर अमेरिकन उच्चार, मागे गोंगाट नाही, कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. त्या मुलीचे श्रवणाचे गुण सरावात जवळपास पैकीच्या पैकी असायचे. एका सुट्टीत ती यजमानांच्या दुकानी बसायला आली. तिथे येणारं गिऱ्हाईक भारतातलं, नायजेरियातलं, आखाती देशांतलं. एका नायजेरियन व्यापाऱ्याने मीटरचा भाव, रंगाचे नमुने आणि माल कधी निघणार, हे सगळं एका दमात विचारलं. तिला त्यातलं काहीच लागलं नाही, शेवटी तिने कॅल्क्युलेटर पुढे केला आणि आकडा दाबायला सांगितला. मुलगी हुशार, मेहनती. तिच्यात काही कमी नव्हतं. तिला जे कधी ऐकवलंच नाही ते तिला ऐकू येणार कसं? आणि तिच्या गावात इंग्रजीचा खराखुरा उपयोग व्हायचा तो याच बाजारात.

यात विषमतेचाही भाग आहे आणि त्याबद्दल लोक बोलत नाहीत. काही प्रांतांनी कित्येक वर्षं श्रवणाचे गुण एकूण बेरजेत धरलेच नाहीत. उरलेल्या १२० गुणांचे १५० करून घ्यायचे, बस. खेड्यातल्या शाळेत धड स्पीकर नाही, उच्चार नीट असलेला शिक्षक नाही, तिथल्या मुलावर अन्याय नको हा विचार. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. जे मोजत नाहीत ते शिकवत नाहीत, आणि तीच मुलं पुढे विद्यापीठात शहरी मुलांशेजारी बसली की मागे पडतात.

याच्या दुसऱ्या टोकाला ग्वांगडोंग प्रांत. तिथे २०११ पासून संगणकावर ऐकण्या-बोलण्याची एकत्र परीक्षा होते. मूल हेडफोन लावून बसतं, चित्रफितीतल्या वाक्यांबरोबर मोठ्याने वाचतं, संवादात भाग घेऊन प्रश्न विचारतं आणि उत्तरं देतं, शेवटी एक गोष्ट ऐकून स्वतःच्या शब्दांत सांगतं. बीजिंगने २०२१ पासून १५० पैकी तब्बल ५० गुण अशा संगणकीय परीक्षेला दिले. ऐकलेली गोष्ट परत सांगायची म्हटल्यावर अंदाजपंचे काम भागत नाही. खर्च अफाट, संगणकांच्या खोल्या हव्यात, पण श्रवण मोजायचं तर रस्ता हाच आहे असं माझं ठाम मत आहे.

आता वाचन. चार उतारे, त्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा: संग्रहालयाच्या वेळा, सहलीचे दर. दुसरा बऱ्याचदा कुणाच्या तरी अनुभवाचा. पुढचे दोन माहितीपर, शेवटचा अनेकदा एखाद्या वैज्ञानिक संशोधनावर. उतारे इंग्रजीत मुळात लिहिलेल्या लेखांवरून थोडे सोपे करून घेतलेले असतात, धड्यातले नसतात. हा मुद्दा मी आपल्या इथल्या प्रत्येक शिक्षकाला सांगते. पाठ्यपुस्तकातलाच उतारा दिला की मुलाची आठवण तपासली जाते, वाचन राहूनच जातं. तिथे मुलाने तो मजकूर आधी पाहिलेला नसतो. शब्दसंग्रहाची मर्यादा अभ्यासक्रमात सुमारे ३,००० शब्दांची आहे (मुलांच्या तोंडी मात्र ३,५०० शब्दांची यादी असते), आणि त्याबाहेरचा अडणारा शब्द आला तर शेजारी कंसात चिनी अर्थ देतात.

प्रश्नही चढत्या क्रमाचे. एखादा तपशील शोधा, मग अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखा, मग लेखकाचा सूर काय, मग उताऱ्याला शीर्षक द्या. पण माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे 'सातातून पाच'. एका उताऱ्यातली पाच वाक्यं काढून टाकलेली, खाली सात वाक्यं, दोन जास्तीची. एकदा बाल्कनीत झाडं लावण्यावरचा मजकूर होता. रिकाम्या जागेनंतरचं वाक्य होतं, "तसं झालं तर मुळं कुजतात." दोन पर्याय पाण्याबद्दल होते: एक रोज किती पाणी घालावं याचा, दुसरा कुंडीखाली पाणी साचू देऊ नका असा. मुलीने पहिला निवडला, कारण विषय पाण्याचाच. मी विचारलं, "तसं झालं तर म्हणजे कसं झालं तर?" ती थांबली, परत वाचलं आणि स्वतःच बदललं. वाचताना एक वाक्य दुसऱ्याला कुठे धरून असतं, हे या एका प्रश्नप्रकाराइतकं नेमकं तपासणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. शिवाय सात पर्यायांत नुसत्या अंदाजाने फारसं हाती लागत नाही.

तरी गुण म्हणजे देववाणी नव्हे, आणि याचा मोठा धडा झेजियांगनेच दिला. प्रांतातल्या मुलांना इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते आणि जास्तीचे गुण धरतात. आता दोन वेळच्या प्रश्नपत्रिका सारख्याच अवघड कशा ठेवायच्या? गाओकाओचे प्रश्न सरकारी गुपित असतात, प्रश्न काढणाऱ्यांना परीक्षा होईपर्यंत बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात, त्यामुळे आधी एखाद्या वर्गावर प्रश्न करून पाहायची सोयच नाही. कठीणपणा तज्ज्ञांच्या अंदाजावर ठरतो. नोव्हेंबर २०१८ ची प्रश्नपत्रिका जास्त अवघड निघाली, तेव्हा अधिकाऱ्यांनी गुपचूप वाचनातल्या आणि लेखनातल्या काही प्रश्नांच्या गुणांना वेगळा भार लावला. २४ नोव्हेंबरला गुण लागले आणि पालक खवळले. आमच्या शेजारीही दहा-बारा दिवस दुसरा विषय नव्हता. मुलगी त्याच परीक्षेला बसली होती. शेजारची आई सारखी म्हणायची, आमच्या पोरीचे खरे गुण किती ते तरी सांगा. चौकशी झाली, ५ डिसेंबरला तो निर्णय चुकीचा ठरवून मूळ गुण परत दिले, प्रांताच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी जुळवणं हा परीक्षाशास्त्रातला खराखुरा प्रश्न आहे, त्यात लबाडी नाही. चूक ही की नियम आधी जाहीर केला नाही, निकालाच्या वेळी निवडक प्रश्नांवर लावला.

तुमच्या चाचणीसाठी आता थेट सांगते. वाचनाचा साचा खुशाल उचला: न पाहिलेला मजकूर, चार वेगळ्या प्रकारचे उतारे, अडणाऱ्या शब्दांना शेजारी मराठी अर्थ, आणि 'सातातून पाच' नक्की ठेवा. जास्तीची दोन वाक्यं विषयाशी जवळची घ्या, नाहीतर प्रश्न वायफळ होतो. श्रवणासाठी मात्र पर्याय कमी करा. मुलांना ऐकवून झाल्यावर दोन-तीन ओळी मराठीत लिहायला सांगा, म्हणजे ऐकणं मोजलं जाईल आणि इंग्रजी वाचण्या-लिहिण्याची अडचण मध्ये येणार नाही. तपासायला वेळ लागतो, पण तुमची मुलं तीस-चाळीस असतील, जमेल. आवाज तीन-चार प्रकारचे घ्या, त्यातला एक तरी भारतीय असू द्या आणि एक घाईघाईने बोलणारा. लहान संवाद एकदाच ऐकवा, मोठे दोनदा.

आणि चीनच्या प्रश्नकर्त्यांना जी मुभा नाही ती तुम्हाला आहे, ती वापरा. सगळी चाचणी आधी शेजारच्या कॉलेजातल्या एका तुकडीवर करून पाहा. ज्या प्रश्नाला वर्गातली चांगली मुलं चुकतात आणि कच्ची बरोबर येतात तो प्रश्न काढून टाका, कितीही आवडता असला तरी. तुमचे उतारे तयार झाले की इथेच टाका, मी वाचून कळवेन.