आई-बाबांना मुंबईत तीन दिवस भारी हॉटेलात ठेवायचंय. हॉटेल आणि जेवणाची ठिकाणं कशी निवडावीत?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, चोपड्याहून तुम्ही चौघं तीन दिवस मुंबईला निघालात, कधी नव्हे ते पंचतारांकित हॉटेलात राहायचंय, आई पक्की शाकाहारी, बाबांना मासे लागतात, आणि बुकिंगच्या साइटवरची यादी बघून डोकं चालेनासं झालंय. जळगावात माझं कापडाचं दुकान आहे. मालासाठी मुंबईला येणं-जाणं सुरूच असतं, त्यामुळे भावकीत कुणालाही मुंबईत राहायचं झालं की बुकिंग माझ्या गळ्यात पडतं. त्या जोरावर सांगतो.

हॉटेलचं नाव सध्या बाजूला ठेवा. आधी एवढं ठरवा की त्या हॉटेलात तुम्ही जागेपणी किती तास असणार. भारी हॉटेलात आपण पैसे मोजतो ते खिडकीतल्या समुद्राचे, लॉबीत निवांत बसण्याचे, पोहण्याच्या तलावाचे आणि फोन ठेवायच्या आत चहा घेऊन येणाऱ्या माणसाचे. सकाळी नऊला सिद्धिविनायक, मग राणीची बाग, मग क्रॉफर्ड मार्केट आणि रात्री दहाला पाय ओढत परत, असा बेत असेल तर त्या खोलीत तुम्ही फक्त झोपणार. झोप साध्या हॉटेलातही तेवढीच लागते. म्हणून माझं म्हणणं, भारी मुक्काम एकाच रात्रीचा ठेवा, पण त्या दिवशी फिरायचं नाव काढू नका. दिवसभर हॉटेलातच राहा, बाहेर पडायचं ते फक्त चहा-जेवणापुरतं.

आता आपल्याकडच्या माणसाची खरी अडचण गाडीच्या वेळेची. तुम्ही बहुतेक जळगावहून रात्रीच्या अमरावती–मुंबई एक्स्प्रेसने जाल. ती पहाटेच सीएसएमटीला सोडते. मोठ्या हॉटेलांची खोली मिळते दुपारी दोन किंवा तीनला. मधले आठ-नऊ तास सत्तरीकडे झुकलेली दोन माणसं घेऊन कुठे काढणार? लॉबीत सोफ्याच्या कडेला अवघडून, मांडीवर डब्याची पिशवी धरून बसलेली आई मी बऱ्याच जणांची पाहिलीय. यावर उपाय असा की पहिला मुक्काम फोर्ट किंवा चर्चगेट भागातल्या साध्या पण स्वच्छ हॉटेलात घ्या, आणि ती खोली आदल्या रात्रीपासूनच बुक करा. एक रात्र जास्तीची भरावी लागते, पण साध्या हॉटेलात ती परवडते. भारी हॉटेलात तोच प्रकार केला तर डोळे पांढरे होतील. मात्र फोन करून ‘आम्ही पहाटे सहाला पोचतोय’ हे आवर्जून कळवा. नाहीतर रात्री कुणी आलं नाही म्हणून ते बुकिंग रद्द धरतात.

म्हणजे पहिला दिवस आंघोळ, थोडी झोप आणि फिरणं. दुसऱ्या दिवशी सकाळी साधं हॉटेल सोडायचं, टॅक्सीत बॅगा टाकायच्या आणि भारी हॉटेलात जायचं. तिथे खोली तयार नसली तरी बॅगा ठेवून घेतात, आणि रिकामी असेल तर बाराच्या सुमारालाही देतात. फक्त आधी विचारून ठेवावं लागतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला खोली सोडा, बॅगा त्यांच्याकडेच राहू द्या, आणि रात्रीची गाडी गाठा.

सीएसएमटीला उतरणाऱ्याने दक्षिण मुंबई सोडून दुसरीकडे जाऊ नये, हे माझं ठाम मत. सहार विमानतळाजवळची हॉटेलं, उदाहरणार्थ आयटीसी मराठा किंवा जेडब्ल्यू मॅरियट, उत्तम आहेत आणि पुष्कळदा तेवढ्याच दर्जाला स्वस्त पडतात. पण तिथून गेटवे म्हणजे अख्खी मुंबई ओलांडणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून हे बरंच सोपं झालंय, पण म्हातारी माणसं आणि सरकते जिने यांचं जमतंच असं नाही. जुहू-वांद्र्याची हॉटेलं नंदुरबार-सुरतमार्गे येणाऱ्यांना सोयीची, कारण ते पश्चिम रेल्वेवरच उतरतात.

दक्षिणेत मग उरतात ताज, ओबेरॉय आणि ट्रायडंट. ताज १९०३ चं, म्हणजे समोरच्या गेटवे ऑफ इंडियाच्याही आधीचं. गेटवे १९२४ मध्ये उघडलं. घुमटाची जुनी इमारत ती पॅलेस विंग, शेजारी १९७० च्या दशकात उभा राहिलेला टॉवर. साइटवर दोन्ही दिसतात आणि टॉवर बऱ्यापैकी स्वस्त दिसतो. टॉवरमध्येही सेवा ताजचीच, पण तुमच्या बाबांच्या मनात जे ताज आहे ते जिन्याचं, कमानींचं आणि लाकडी काम केलेल्या व्हरांड्यांचं. ते पॅलेस विंगमध्ये आहे. तिचं भाडं पाच आकडी, आणि पहिला आकडा क्वचितच एक असतो. तेवढे पैसे घालायचे तर समुद्राकडचीच खोली घ्या. मागच्या बाजूची गल्ली बघायला कुणी एवढं भाडं भरत नाही. (आमच्याकडे ‘ताजमध्ये राहून आलो’ असं सांगणाऱ्याला मी हटकून विचारतो, कुठल्या विंगमध्ये?)

ओबेरॉय आणि ट्रायडंट नरिमन पॉइंटला एकमेकांना चिकटून आहेत, समूहही एकच. ओबेरॉय जास्त महाग, जास्त शांत. ट्रायडंट उंच आहे, आणि वरच्या मजल्यावरून मरीन ड्राइव्हची पूर्ण कमान दिसते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गेटवेसमोरचं पाणी पूर्वेला आहे, मरीन ड्राइव्हचं पश्चिमेला. ताजच्या खिडकीत सूर्य उगवतो, ट्रायडंटच्या खिडकीत मावळतो. बाबा पहाटे चारला उठून बसणारे असतील तर ताज. पण मला विचाराल तर तुम्ही राहा ट्रायडंटमध्ये, समुद्राकडच्या खोलीत, आणि चहाला जा ताजच्या सी लाउंजमध्ये. पहिल्या मजल्यावर आहे, खिडकीतून गेटवे आणि होड्या दिसतात, आणि तिथे राहत नसलात तरी जाता येतं. टेबल आधी फोनवर सांगून ठेवा आणि खिडकीजवळचंच मागा. राहायला एक आणि बघायला दुसरं, असं दोन्ही पदरात पडतं, आणि पॅलेस विंगच्या भाड्यापेक्षा कमी पैशांत.

वाराची एक गंमत आहे. नरिमन पॉइंट, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ इथली हॉटेलं ऑफिसच्या कामाने येणाऱ्या लोकांवर चालतात. शनिवार-रविवारी ती माणसं घरी जातात आणि भाव बरेचदा उतरतो. जुहूला उलट, तिथे शनिवारी चढतो. तारीख एक-दोन दिवस पुढे-मागे करून बघा. नाताळ ते नवीन वर्ष आणि दाट लग्नतिथी टाळा. पावसाळ्यात भाव सगळ्यात नरम असतो, आणि भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुटणाऱ्या लाटा वरून बघायला मिळतात. तापीच्या पुराची सवय असलेला माणूसही खिडकीतून हलत नाही.

कराचा हिशोब मात्र नीट लावा, मी दुकानदार आहे म्हणून सांगतो असं नाही. साइटवर मोठ्या अक्षरात दिसतो तो भाव पुष्कळदा कराशिवायचा असतो. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की सबंध रकमेवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकापायी अकराशेच्या जवळ जास्त जातात. पहिल्या मुक्कामाचं साधं हॉटेल निवडताना ही रेघ डोळ्यांसमोर ठेवा. भारी हॉटेलाला १८ टक्के लागणारच, तिथे कुरकुर नको.

जेवणालाही हेच. एवढं भाडं घेणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर १८ टक्के, बाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये, ते कितीही झकपक असलं तरी, ५ टक्के. चौघांचं ६,००० चं जेवण एकीकडे ७,०८० होतं, दुसरीकडे ६,३००. शिवाय बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तो आपोआप लावू नये असं म्हटलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. वाद घालायची गरज नसते; शांतपणे सांगितलं की काढतात. वाढणाऱ्या पोराच्या हातात तुम्हाला वाटेल ते वेगळं द्या.

आता जेवण. आईला मसाल्याशिवाय घास उतरत नसणार, हे गृहीत धरतो. शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला मोठ्या हॉटेलातलं गोडसर, मलईदार जेवण दुसऱ्या घासाला नकोसं होतं. म्हणून हॉटेलात फक्त नाश्ता खायचा, पण तो दाबून. खोली बुक करताना नाश्त्यासकट भाव घ्या. वेगळा घेतला तर महाग पडतो. साडेदहाच्या आसपास तो आवरतात, तेव्हा नऊला खाली उतरा. डोसा समोर करून देतात, त्याला सांगा की हिरवी मिरची घाल. आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी पर्समध्ये राहू द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शाकाहारी जेवणाला मी तुम्हाला ताडदेवच्या स्वाती स्नॅक्सला पाठवीन. १९६३ पासूनचं आहे. झुंबरं नाहीत, गर्दी असते, थांबावं लागतं, पण मुंबईतली पैसेवाली गुजराती घरं तिथेच रांगेत दिसतात. पानकी मागवा. तांदळाचं पातळ पीठ केळीच्या दोन पानांत दाबून भाजतात. पान सोलायचं आणि आतली कागदासारखी पापडी हिरव्या चटणीशी खायची. आपण रावेर-यावलकडे केळीची पानं गुरांपुढे टाकतो आणि हे लोक त्यात घातलेल्या चमचाभर पिठाचे किती पैसे लावतात, हे आईला बिल येईपर्यंत सांगू नका. पोटभर थाळी हवी असेल तर काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय, १९४५ चं. गल्ली अरुंद, जिना चढावा लागतो. आईचे गुडघे दुखत असतील तर चर्चगेटचं सम्राट बरं.

बाबांना फोर्टातल्या तृष्णाला न्या. बटर-गार्लिक खेकड्यासाठी प्रसिद्ध आहे. खेकडा वजनावर असतो, तेव्हा ‘हा केवढ्याला पडेल’ हे कापायच्या आधी विचारा. तिथे आईपुढे डाळ-रोटीपलीकडे फारसं काही येणार नाही, म्हणून बापलेकीने दुपारी जावं आणि आईने खोलीत झोप काढावी. चौघांनी एकत्र बसायला बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया चालेल. १९२३ चं इराणी हॉटेल, दुपारच्या जेवणाचं ठिकाण, बेरी पुलाव शाकाहारीही मिळतो. भिंतीचा रंग बघून मागे फिरू नका.

आणि मुख्य दिवसाचं रात्रीचं जेवण? इथे तुमच्या मिस्टरांना मास्क नावाचं रेस्टॉरंट सुचेल, कारण आशियातल्या पहिल्या ५० रेस्टॉरंटच्या यादीत त्याचं नाव येतं. फार मोठं काम आहे त्यांचं, शाकाहारी मेन्यूही वेगळा असतो. पण तिथे ते वाढतील तेच खायचं, एकामागून एक दहाएक छोट्या बश्या, दोन-तीन तास. तुम्ही दोघं पुन्हा कधी जा. आई-बाबांना घेऊन लोअर परळचं बॉम्बे कँटीन बरं. आपल्याच पदार्थांना नवं रूप देतात, आणि गोंगाट नको असेल तर सात-साडेसातला पोचायचं. नाहीतर खर्च झाला तर झाला म्हणून आयटीसी मराठाचं पेशावरी. लांब आहे, पण तिथे सुरी-काटे देतच नाहीत. गळ्यात चौकड्यांचा एप्रन बांधतात आणि हाताने खायला सांगतात. रात्रभर मंद आचेवर शिजलेली काळी डाळ आणि परातीएवढा नान. मोठ्या हॉटेलात काटा कुठल्या हातात धरायचा या धास्तीने ज्यांचं अर्धं जेवण राहतं, त्या माणसांसाठी याहून बरी जागा मला माहीत नाही.

टेबल सगळीकडे आधी बुक करा. बाबांना त्या रात्रीपुरते बूट आणि फुल पँट. काही ठिकाणी पुरुषांना चपलेवर आत घेत नाहीत. आईची नऊवारी असो की पाचवारी, तिला कुणी अडवत नाही.

खोली ताब्यात घेताना हॉटेलवाले भाड्याव्यतिरिक्त काही रक्कम अनामत म्हणून कार्डावर अडकवतात. क्रेडिट कार्ड द्या. डेबिट दिलं तर खात्यातले पैसे खरोखर अडकतात आणि सुटायला दिवस लागतात. चौघांचंही आधार जवळ ठेवा; पॅन कार्ड पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं पाकीट फोडलं की बिलात चढतं, पण टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, चहा आणि कॉफी फुकट असते. हे आई-बाबांना आधीच सांगा, नाहीतर ते तहानलेले बसतील.

साइटवर भाव बघून झाला की एकदा थेट हॉटेलला फोन लावा. दोन्ही खोल्या शेजारी-शेजारी, आई-बाबांच्या खोलीत टबाऐवजी उभ्याने आंघोळीची सोय, संडासात जेट स्प्रे, आणि चाळिसावा लग्नाचा वाढदिवस आहे, हे सगळं त्या एका फोनमध्ये सांगा. वाढदिवसाचं कळलं की बहुतेक ठिकाणी खोलीत केक पाठवतात. तो बिनअंड्याचा हवा, हे तेव्हाच सांगून ठेवा.